राणीच्या डोईवरचा मुकुट कोणाचा?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हल्ली गोंड राजघराण्याची आठवण जागी होत आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. ज्यांनी बल्लारपूरचा किल्ला राखला, ज्यांनी चांद्याला परकोट घातला, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर अशा दरवाज्यांनी शहर बंद केले, त्यांची नावे पुष्कळ वर्षे आमच्या मुलांच्या कानी पडत नव्हती. आता ती फलकांवर दिसतात. राणी हिराईचे चित्र शाळेच्या भिंतीवर, मिरवणुकीच्या गाडीवर आणि दिनदर्शिकेवर येऊ लागले आहे. आम्ही खेड्यातले मास्तर. आमचे शिक्षण मराठी शाळेत आणि अध्यापक विद्यालयात झालेले. मुलांस 'ही कोण?' असे विचारल्यावर ती एका सुरात 'राणी हिराई!' म्हणतात, तेव्हा आम्हांसही उर भरून येतो.

पण मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. ती पुढे विचारतात, 'गुरुजी, राणी खरंच असा मुकुट घालत होती का?' हा प्रश्न पोरकट आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी हा लेख वाचू नये. ज्यांस तो खरा प्रश्न वाटतो त्यांच्यापुढे आम्ही आमचे म्हणणे मांडतो.

आम्ही पाहिलेल्या चित्रांत राणीचे डोके दर वेळी निराळे आहे. कोठे लक्ष्मीसारखा सोन्याचा उंच मुकुट आहे, कोठे मोत्यांची झालर, तर कोठे कपाळावर पिसांची पट्टी. एका राणीला इतकी डोकी कोठून आली? उत्तर सोपे आहे. यांतले एकही चित्र राणीला समोर बसवून काढलेले नाही. बीरशहाच्या मागे अठराव्या शतकाच्या आरंभी हिराईने रामशहास दत्तक घेऊन राज्य सांभाळले. आजची चित्रे तीनशे वर्षांनंतरच्या रंगाऱ्यांच्या कल्पनेतून आलेली आहेत. उचलला कुंचला आणि लावला भिंतीला!

कल्पनेने चित्र काढू नये असे आमचे म्हणणे नाही. कल्पना कोठून उचलली, एवढेच आम्ही विचारतो. लक्ष्मी-सरस्वतीच्या डोक्यावरचा जो मुकुट आज घरोघर ओळखीचा आहे, तो छापील चित्रांनी पसरविला. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून देवादिकांची रंगीत चित्रे लाखो घरांत पोचली. तोच मुकुट नाटकवाल्यांच्या पेटीत शिरला. आमची झाडीपट्टी तर नाटकाची भुकेली! धान निघाले, दिवाळी झाली, मंडई भरली की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव हिंडू लागतात. रंगमंचावर राणी दिव्यांत चमकली पाहिजे म्हणून तिला चमकीचा मुकुट घालतात. त्यात नाटकवाल्यांचा दोष नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण नाटकाच्या पेटीतला मुकुट उचलून शाळेच्या भिंतीवर नेला आणि खाली 'इतिहास' असे लिहिले, की ती फसवणूक होते.

त्या काळच्या चित्रांत राजस्त्रिया कशा दिसतात? मोगल दरबारची चित्रे पाहावी. अकबर-जहांगीरच्या काळातील काही चित्रांत बायकांच्या डोक्यावर उंच निमुळत्या तुर्की टोप्या आहेत. पुढे पातळ ओढण्या अधिक दिसू लागतात. दख्खनच्या चित्रांतही ओढणी, मोत्यांचे सर आणि फुले आहेत. देवीचा पाच शिखरांचा मुकुट घालून दरबारात बसलेली राणी तेथे शोधावी लागेल. तेव्हा हिराईच्या डोक्यावर मुकुट ठेवणारा माणूस तिच्या काळातून काही घेत नाही. तो आपल्या देवघरातल्या तसबिरीतून घेतो.

आणि जुने चित्र सापडले म्हणजे काम झाले असेही नाही. अहमदनगरची चांदबीबी सोळाव्या शतकाच्या अखेरीस गेली. घोड्यावर बसून बहिरी ससाणा उडविणारी तिची जी प्रसिद्ध चित्रे आहेत, ती तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी रंगविलेली आहेत. ती चित्रे जुनी खरी; पण ती १७०० च्या सुमाराची वेशभूषा सांगतात, तिच्या काळाची नव्हे. विलायतेत तर अठराव्या शतकात एक फॅशनच होती, की तसबीर काढून घेताना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा पोशाख अंगावर चढवून बसायचे! त्यावरून कोणी ठरविले की त्या काळच्या बायका रोज तसाच वेश करून बाजारात जात होत्या, तर त्यास काय म्हणावे?

समोर बसवून काढलेले चित्रसुद्धा खोटे बोलू शकते, याचा एक मासला सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील रानातल्या एका मूळनिवासी सरदाराची मुलगी पोकाहोंटस हिला इंग्रजांनी ख्रिस्ती करून रिबेका असे नाव दिले, एका इंग्रजाशी तिचे लग्न झाले आणि तिला लंडनला नेण्यात आले. तेथे १६१६ साली सायमन व्हॅन डी पास या चित्रकाराने तिचे चित्र कोरले. ते तिच्या हयातीतले चित्र आहे. त्यात तिच्या डोक्यावर उंच इंग्रजी हॅट आणि गळ्यात इंग्रजी कॉलर आहे! वसाहत काढणाऱ्या कंपनीला लोकांस दाखवावयाचे होते की, पाहा, रानातली मुलगी आम्ही कशी सुधारली. पुढच्याच वर्षी ती बिचारी परक्या मुलखात मेली. नंतरच्या काळात वारे फिरले; रानातली मुलगी रानटी दिसली पाहिजे अशी हौस लोकांस झाली, आणि त्याच मुलीच्या डोक्यावर चित्रकारांनी पिसे खोवली. आधी हॅट, मग पिसे. तिच्या आईने तिचे केस कसे विंचरले होते, हे विचारावेसे दोघांसही वाटले नाही.

वाचकहो, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची म्हणून सोडून देऊ नका. आमच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवतीच्या मुलींचे आज हेच चालले आहे. इतिहासाचा फलक असला की राणीला देवीचा मुकुट, आणि स्नेहसंमेलन असले की पोरींना पिसे! मधली खरी बाई कोठे गेली?

आमच्या भागातील एका शाळेच्या संमेलनात 'आदिवासी नृत्य' ठेवले होते. मुली माडियांच्याच. त्यांच्या कपाळी पुठ्ठ्याची पट्टी, तीत रंगविलेली कोंबड्याची पिसे, तोंडावर काळ्या-पांढऱ्या रेघा, कमरेला पानांचा घेर, आणि तोंडाने 'हुर्र हुर्र' असा गलबला. टाळ्या पुष्कळ पडल्या. मागल्या रांगेत त्यांतल्या एका मुलीची आजी बसली होती. तिने आम्हांस हळूच विचारले, 'गुरुजी, हे कोनत्या गावचे लोक होत?' आम्ही म्हटले, 'आजी, ती तुझीच नात ना?' ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'आमच्यात बाया असं नाई घालत.' एवढे बोलून ती उठून गेली. हजार टाळ्यांपेक्षा आम्हांस ते एक वाक्य वजनदार वाटले. जिच्या घरचा नाच, तिलाच तो ओळखता येऊ नये!

पिसे आमच्याकडे नाहीतच असे नाही. आदिलाबादेत आणि आमच्या राजुरा-जिवती भागात दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते; तीत गुसाडी मोरपिसांचा भला मोठा टोप घालतात. पण गुसाडी हे पुरुष असतात, आणि तो टोप देवकार्याचा असतो. त्याची पूजा होते. बस्तरकडील दंडामी माडियांचे गव्याच्या शिंगांचे टोप जगभर प्रसिद्ध झाले. ते नाचाच्या वेळी पुरुष घालतात, आणि त्यांच्या बायकांच्या कपाळी पितळी पट्टी असते. ग्रिगसनने १९३८ साली बस्तरच्या माडियांवरील आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. म्हणजे शिंगे एका मुलखाची, मोरपिसे दुसऱ्या मुलखाची, दोन्ही पुरुषांची, दोन्ही सणाची. आणि आमचे शहाणे ती एकत्र कालवून भामरागडच्या पोरीच्या डोक्यावर थापतात. देशस्थाची पगडी, पारशाची टोपी आणि शिंद्यांचे पागोटे शिवून कोणी पुणेकर वकिलाच्या डोक्यावर ठेवले असते तर केवढा गहजब झाला असता! रानातल्या माणसाच्या डोक्यावर मात्र काहीही ठेवले तरी चालते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, टीका करणे सोपे आहे. खरे काय होते ते शोधायचे कसे? ते आम्ही सांगतो. त्यास पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

पहिली गोष्ट, चित्र हाती आले की त्याचे वय काढावे आणि चित्रातल्या बाईचे वय काढावे. दोन्ही जुळत नसतील तर ते चित्र बाईचा पुरावा नव्हे, चित्रकाराच्या काळाचा पुरावा आहे.

दुसरी गोष्ट, ते कोणी काढले आणि कोणासाठी काढले हे विचारावे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. १८५७ चे बंड होऊन गेले होते. प्रजा ओळखून ठेवावी, हा त्यामागचा एक हेतू होता. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंड छापले; त्यांत गोंडांची छायाचित्रे आहेत. धान्य दळणाऱ्या गोंड बाया तेथे आहेत, पण त्यांची नावे नाहीत. साहेबांच्या तसबिरीखाली हुद्द्यासकट नाव येते, दळणारीच्या खाली नुसते 'गोंड स्त्रिया'. तरी ती छायाचित्रे टाकून देऊ नयेत. ज्याने काढली त्याचा हेतू काहीही असो, भिंगापुढे जे होते ते काचेवर उमटले आहे. मात्र बाईला उन्हात ताटकळत उभी करून, 'असा पदर घे, अशी उभी राहा' असे सांगून काढलेले चित्र आणि तिचे रोजचे रूप यांत अंतर असते, हे विसरू नये.

हीच कसोटी आपल्या चित्रकारांसही लावावी. धुरंधरांसारख्या थोर मराठी चित्रकाराने ऑटो रॉथफील्डच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकासाठी जातीजातींच्या बायका रंगविल्या. हात मोठा कसबी. पण ज्या पुस्तकात साहेबाला प्रत्येक जातीची एक 'नमुन्याची' बाई पाहिजे असते, तेथे बाई कमी आणि नमुना जास्त येतो.

तिसरी गोष्ट, चित्राची साक्ष एकट्याने घेऊ नये. विलायतेतले अभ्यासक तसबिरीतली टोपी पाहून तेवढ्यावर थांबत नाहीत. मृत माणसाच्या घरातील सामानाच्या याद्या काढतात, पेटीत राहिलेले कापड तपासतात आणि मग बोलतात. आमच्याकडे याद्या नसतील, पण दगड आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची देवळे आहेत, सुमारे हजार वर्षांची. त्यांवरील स्त्रियांचे केस पाहा: कोठे मानेवर अंबाडा, कोठे एका बाजूस झुकलेला, कोठे मोत्यांच्या सरांनी बांधलेला. पदर डोक्यावर घेतलेली मूर्ती शोधून पाहावी, म्हणजे 'आमच्या बायकांनी डोके झाकणे ही अनादि रीत आहे' असे म्हणणाऱ्यांचा ताठा जरा उतरेल. अर्थात त्या मूर्ती अप्सरांच्या आहेत. गावची प्रत्येक बाई तशी सजत होती असेही त्यावरून म्हणू नये. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे.

चौथी गोष्ट सगळ्यांत स्वस्त, आणि तीच कोणी करीत नाही. म्हाताऱ्या बायांस विचारावे. नदीपलीकडच्या आदिलाबादेत फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने १९४० नंतरच्या काही वर्षांत राजगोंडांत राहून त्यांची असंख्य छायाचित्रे घेतली. ती आज लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. परदेशचा माणूस पायी हिंडून विचारतो, आणि आम्ही त्याच गावात पगार घेऊन राहतो, तरी शेजारच्या आजीला 'तुझ्या आईच्या केसांत काय होते?' असे विचारीत नाही. लाकडी फणी होती की पितळी आकडा, फुले कोणती, पदर कोणाच्या पुढे घ्यायचा आणि कोणाच्या पुढे नाही, हे सर्व त्या आजीस ठाऊक आहे. ती गेली की ती पोथी जळाली.

आणि एक वस्तू अशी आहे की जी कोणत्याही राजचित्रात सापडणार नाही, पण आमच्या मुलखात बाईच्या डोक्यावर तिच्याइतकी दुसरी कोणतीही वस्तू राहिली नाही. ती म्हणजे चुंबळ! लुगड्याच्या चिंध्यांची किंवा गवताची ती वाटोळी गादी. तिच्यावर पाण्याची घागर, तिच्यावर मोहफुलांची टोपली, तिच्यावर सरपणाचा भारा, तिच्यावर तेंदूपानांचा गठ्ठा. रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाईच्या डोक्याला बांधलेले फडके, पावसात पाठीवरून घेतलेले पानांचे आच्छादन, हीही तशीच. ही आमच्या लाखो बायांची शिरोभूषणे आहेत. चित्रकाराने ती काढली नाहीत, कारण जिच्या डोक्यावर चुंबळ असते तिला चित्रासाठी बसावयास वेळ नसतो, आणि जिच्याकडे वेळ असतो तिच्या डोक्यावर चुंबळ नसते. जुन्या तसबिरींवरून बायकांचा इतिहास लिहू म्हणणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. तसबीर पैसेवाल्यांची असते. तीत कष्टकरणी नाही, एवढ्यावरून ती जगातच नव्हती असे होत नाही.

डोक्यावरचे वस्त्र ही क्षुल्लक बाब आहे असे म्हणणाऱ्यांस महाराष्ट्राचा इतिहास ठाऊक नाही. बाईचे डोके पाहून तिची जात, तिचे घर आणि तिचा नवरा जिवंत आहे की नाही हे वाचण्याची या मुलखाची जुनी खोड आहे. खानदानी मराठ्यांच्या घरी गोषा आणि डोईवर पदर. शेतात राबणारीला तो परवडत नाही म्हणून ती हलकी. ब्राह्मण घरातील विधवेचे तर केसच काढून डोक्यावर आलवणाचा पदर देत. तेव्हा त्या मुंडणाविरुद्ध कोण उभे राहिले? १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरविले की विधवांच्या डोक्यास आम्ही वस्तरा लावणार नाही. पंडितांनी ज्या गोष्टीवर ग्रंथ लिहिले ती गोष्ट वस्तरा धरणाऱ्या हातांनी थांबवून दाखविली. बाईच्या डोक्यावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवायचे, या अन्यायावर तो घाव होता. आज वस्तऱ्याच्या जागी कुंचला आला आहे. ठरविणारा मात्र दुसराच आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच माणसांकडून येईल, म्हणून त्यास नीट उत्तर देतो. ते म्हणतील, 'मास्तर, इतक्या वर्षांनी आमची राणी भिंतीवर आली, आणि तुम्ही तिचा मुकुट काढायला निघालात! इतरांच्या राण्या मुकुटात मिरवतात, आमचीच उघडी का?' बंधूंनो, हे दुःख आम्ही समजतो. ज्यास फार काळ हिणवले तो सोने जरा जास्तच लावतो. पण अहिल्याबाई होळकरांचे चित्र आठवा. पांढरे लुगडे, डोईवर साधा पदर, हातावर शिवलिंग. मुकुट नाही म्हणून त्या माउलीचा मान कोठे कमी झाला? मान कामाने येतो. हिराईच्या कामाची साक्ष चंद्रपुरात दगडात उभी आहे. अचलेश्वराचे आणि महाकालीचे देऊळ तिच्या नावाने लोक सांगतात. बीरशहाची समाधी तिने बांधविली, ती आज डोळ्यांनी पाहता येते. चैत्रात महाकालीच्या यात्रेला लांबलांबचे लोक येतात. जिने हे उभारले तिला पुठ्ठ्याच्या मुकुटाची गरज आहे काय?

शिवाय उसन्या मुकुटात एक मोठा धोका आहे. गोंड राणी मोठी दिसावी म्हणून तिला दुसऱ्यांच्या देवीसारखी सजवावी लागते, असे मूल एकदा शिकले, की आपल्या आजीसारखी दिसणारी बाई राणी होऊच शकत नाही, हेही ते त्याच क्षणी शिकते. हा धडा पाटीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो पुसताही येत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. शाळेत, चौकात किंवा कचेरीत हिराईचे, राणी दुर्गावतीचे अथवा कोणत्याही जुन्या स्त्रीचे चित्र लावाल तेथे ते हयातीतले नसल्यास खाली स्पष्ट अक्षरांत 'कल्पनाचित्र' असे लिहा, चित्रकाराचे नाव आणि साल घाला. संमेलनात गोंड, माडिया, परधान, कोलाम यांचा नाच बसवाल तर आधी त्या गावच्या दोन म्हाताऱ्या बायांस बोलावून विचारा. त्या 'नाई' म्हणाल्या की पिसे खाली. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. लंडनात, नागपूरच्या अजबबंगल्यात आणि इतरत्र आमच्या मुलखाची जी जुनी छायाचित्रे आहेत त्यांच्या प्रती त्याने आणवाव्यात, आणि ती चित्रे गावोगाव नेऊन 'ही बाई कोणाच्या घरची?' असे विचारावे. एखादे तरी नाव मिळेलच. एक नाव मिळाले तरी साहेबाच्या चार खंडांना जे जमले नाही ते आम्ही केले असे होईल.

आणि शिक्षकबंधूंनो, सरकारची वाट पाहू नका. मुलांस सांगा की घरच्या पेटीतले सर्वांत जुने छायाचित्र पाहा. लग्नातले असो की कसल्या कार्डावरचे. त्यातल्या बाईचे नाव, गाव, साल आणि तिच्या डोक्यावर काय आहे, एवढे वहीत लिहून आणा. छायाचित्र नसेल तर आजीला विचारून लिहा. वर्षाअखेर त्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवा. शंभर वर्षांनी कोणी शोध करीत आला, तर त्याला या मुलखाच्या बायांच्या डोक्यावर खरे काय होते ते कळेल, आणि पहिल्यांदाच प्रत्येक चित्राखाली नाव असेल.